रिवाइंड : नांदूरघाट

जानेवारी आला की पुण्यातली निम्मी आयटी पब्लिक हुरड्याच्या मागे शहराबाहेर पळते. शुक्रवारी ग्रुपवर मेसेज, शनिवारी सकाळी दोन गाड्या, शेतात खाटा, गरमागरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, मोबाइलमध्ये शंभरेक फोटो आणि रविवारी रात्री सोमवारच्या नावानं जांभया. यंदा आमच्याही वीकएण्डला हुरडा होता, पण तो बोनस. गाडीच्या मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, वर सीट बेल्ट लावून बसवला होता एक जुना कॅसेट डेक. आणि निघालो होतो नांदूरघाटला.

ऑफिसात सांगितलं तर पहिला प्रश्न, 'हे कुठे आलं?' आणि लगेच दुसरा, 'तिथे बघण्यासारखं काय आहे?' पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बीड जिल्हा, केज तालुका, बालाघाटच्या पट्ट्यातलं एक गाव. दुसऱ्याचं म्हणाल तर, टुरिस्ट लोकांसाठीच्या यादीत हे नाव तुम्हाला सापडणार नाही. आम्हाला चालणार होतं. आम्ही ऐकायला चाललो होतो.

डेक म्हणजे काय रे भाऊ?

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घरात टेपरेकॉर्डर पाहिलाय. डेक मात्र ज्यांच्याकडे 'सिस्टीम' होती त्यांच्याकडेच असायचा. फरक साधा आहे. टेपरेकॉर्डरला स्वतःचा स्पीकर असतो, डेकला नसतो. डेक कॅसेट वाचतो आणि सिग्नल ॲम्प्लिफायरकडे पाठवतो. एवढं एकच काम, पण ते तो मन लावून करतो. मोटर चांगली, हेड चांगलं, टेप ओढणारा दांडा अचूक. कॅसेटमधली टेप हेडसमोरून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं सरकायला हवी. वेग वाढला की गाणाऱ्याचा आवाज बारीक होतो, कमी झाला की जाड होतो आणि सारखा कमीजास्त होत राहिला तर गाणं गटांगळ्या खातं.

माझा डेक जपानी बनावटीचा, ऐंशीच्या दशकातला, बहुधा कुणीतरी आखातातून आणलेला. पुण्याच्या जुन्या बाजारात तीन हजार दोनशेला मिळाला. दिवे लागत होते, प्ले दाबलं की आत मोटर फिरल्याची घरघर यायची आणि कॅसेट मात्र ढिम्म. विकणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं, 'साहेब, चालू नाही. शोपीस म्हणून घ्या.'

माझा रूममेट अंबाजोगाईचा, नांदूरघाट त्याचं आजोळ. त्याचे मामा एकेकाळचे गावचे रेडिओ-टेप मेकॅनिक. त्यानं लगेच मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांनी डेक आडवा-उभा करायला लावला, प्ले दाबायला लावलं, कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, 'बेल्ट गेलाय. बाकी मशीन झकास हाय.' मग जरा थांबून म्हणाले, 'ती चालू करून इकडं आणता का? माईची कॅसेट हाय माझ्याकडं.'

माई म्हणजे मामांची आई, रूममेटची आजी. १९९९ साली त्या गेल्या, तेव्हा हा सहा वर्षांचा. घरात त्यांचे दोन फोटो आहेत. आवाज एकाच कॅसेटवर. गावात अजून दोन-तीन टेपरेकॉर्डर निघतील, पण त्यांचं हेड घासलेलं, रबर कडक झालेलं. अशा डब्यात ती कॅसेट घालायची मामांची पंधरा वर्षांत हिंमत झाली नव्हती. 'कुरिअर करा, आम्ही इथे कॉपी करून देतो,' असं आम्ही म्हणून पाहिलं. मामा म्हणाले, 'कॅसेट घर सोडणार नाही. मशीन हिंडू द्या की.'

बालाघाटच्या माथ्यावरून

पहाटे साडेपाचला निघालो. शिक्रापूर, न्हावरे, श्रीगोंदा, जामखेड. जामखेड मागे पडलं की थोड्या वेळात बीड जिल्हा सुरू होतो आणि डोंगरांची तऱ्हा बदलते. सह्याद्रीसारखे उभे कडे इथे नाहीत. लांबच लांब सपाट माथे, हळूहळू उतरणारे माळ आणि उतारांवर सीताफळाची झाडं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय. आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरला होता आणि झाडं खराट्यासारखी दिसत होती. शेतात ज्वारी मात्र डोक्याएवढी. पाटोदा तालुक्यातच मांजरा नदी उगम पावते. तीच मांजरा, जी पुढे कर्नाटक आणि तेलंगणातून वाहत जाऊन गोदावरीला मिळते.

मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर हायवे आडवा येतो. तिथे चहा मारायचा, हायवे ओलांडून केजच्या दिशेला लागायचं आणि मग मुख्य रस्ता सोडून आत वळायचं. इथून पुढे मोबाइलमधल्या बाईपेक्षा पारावर बसलेल्या आजोबांवर भरवसा ठेवा. आम्ही तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा रस्त्याआधी 'कुणाकडं?' हा प्रश्न आला.

या भागातल्या गावांत जानेवारीत शिरलं की आधी नजरेत भरतात ती दारांवरची कुलपं. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', उघड्या रानात पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी आणि मग चार-पाच महिने तेच घर. गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परततात. तोवर गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

मामांच्या धंद्याचं कॅलेंडरही यावरच चालायचं. 'दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस मान वर काढायला फुरसत नसायची,' ते सांगत होते. 'कोपीत लाइट नाही. टेप सेलवर नाहीतर गाडीच्या बॅटरीवर चालवायचा. मग फडावर जायच्या आधी दुरुस्त करून पायजे म्हंजे पायजे.' टेपवर काय लागायचं? प्रल्हाद शिंदे, भीमगीतं, दादा कोंडक्यांच्या सिनेमातली गाणी आणि पहाटे बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाची करमणूक, भक्ती आणि अभिमान, सगळं एका प्लॅस्टिकच्या डबीत.

ही डबी फिलिप्स कंपनीनं १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. लू ओटेन्स या डच इंजिनिअरची टीम त्यामागे होती. मशीन कोटाच्या खिशात मावलं पाहिजे म्हणून त्यानं आधी लाकडाचा ठोकळा करून खिशात घालून पाहिला, अशी गोष्ट सांगतात. ओटेन्स २०२१ साली गेला. आपल्याकडे कॅसेटचा खरा धमाका ऐंशीच्या दशकातला. तोवर रेकॉर्ड म्हटलं की एचएमव्ही. कॅसेट स्वस्त, कॉपी करायला सोपी, म्हणून टी-सीरिजसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि तालुक्याच्या गावातला गायकही दुकानात दिसू लागला. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की कॅसेटवर घरच्या घरी रेकॉर्डिंग करता यायचं. दोन बटणं एकदम दाबली की झालं. आपल्या आजी-आजोबांचा आवाज पहिल्यांदा कुठे साठवला गेला असेल तर तो इथे.

ऑपरेशन डेक

मामांचं दुकान म्हणजे घराच्या पुढची दहा बाय आठची खोली. आता तिथे मोबाइलचे चार्जर, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्तीला येतात. मामींनी आधी चहा दिला, मग पोहे, मग पुन्हा चहा. त्यानंतरच मामांनी टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

झाकण उघडून कॅसेटचा सांगाडा बाहेर काढला तर मागे बेल्ट नव्हताच. मोटरच्या पुलीवर आणि जड फ्लायव्हीलवर डांबरासारखा काळा चिकट लगदा. जुन्या रबराचं हे असं होतं. काही बेल्ट कडक होऊन तुटतात, काही वितळतात. लगदा बोटाला लागला की दोन दिवस निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन मी आणि रूममेट तासभर तेच पुसत बसलो. मामा मधूनमधून येऊन बघत आणि 'अजून हाय' म्हणून जात.

आता नव्या बेल्टची साइज. जुना बेल्टच नाही तर मापणार काय? मामांनी शिवणाचा दोरा घेतला, पुलीवरून फ्लायव्हीलला वेढा दिला, गाठ मारली, मग दोरा पट्टीवर सरळ करून मोजला. 'यात शंभराला पाच-सात कमी धरा. बेल्ट थोडा ताणलेला पायजे. लै ताणला तर मोटर रडती.' मी ऑनलाइन मागवलेलं वेगवेगळ्या मापाच्या बेल्टांचं पाकीट नेलं होतं, त्यातला एक बरोबर बसला. मामांकडे स्वतःचा जुना स्टॉकही होता, पण त्यांनी तो बोटानं ताणून पाहिला आणि बाजूला ठेवला. न वापरलेलं रबरही म्हातारं होतंच.

'टेप खाल्ली' असं आपण म्हणायचो, आठवतं? ते का व्हायचं हेही इथे कळलं. कॅप्स्टन नावाचा पातळ दांडा आणि त्याला चिकटणारं रबरी चाक या दोघांच्या मधून टेप पुढे ओढली जाते. पुढे आलेली टेप गुंडाळून घ्यायचं काम उजव्या बाजूच्या चकतीचं. ती चकती घसरली की टेप येत राहते, गुंडाळली जात नाही आणि सगळा गुंता चाकाभोवती. म्हणून मामांनी चकती फिरवणारं छोटं रबरी चाक बारीक पॉलिश पेपरवर हलकेच फिरवलं, त्याची चकाकी घालवली. रबरी रोलर स्वच्छ केला. हेडवरचा तपकिरी थर पुसला. तो थर म्हणजे वर्षानुवर्षं वेगवेगळ्या कॅसेटींवरून उतरलेली चुंबकीय पूड. वाळलेलं ग्रीस खरवडून काढलं आणि कॅप्स्टनच्या बेअरिंगला तेलाचा एक थेंब. मी बाटली पुढे करताच म्हणाले, 'एकच. दुसरा टाकला की बेल्टवर येतो.'

दुपारी दोनला सगळं परत जोडलं. पहिला मान सिनेमाच्या गाण्यांच्या एका जुन्या कॅसेटला. असली कॅसेट गेली तरी तीच गाणी नेटवर मिळतात. प्ले. सुया उडाल्या, मामांच्या घरगुती ॲम्प्लिफायरमधून गाणं बाहेर आलं आणि शेजारची दोन पोरं दारात येऊन उभी राहिली. त्यांनी कॅसेट फिरताना पहिल्यांदाच पाहिली.

मग वेग. मी एक टेस्ट कॅसेट नेली होती. तिच्यावर ३००० हर्ट्झचा एकच सूर असतो. मोबाइलवरच्या ॲपमध्ये आकडा बघायचा आणि मोटरच्या पाठीला असलेल्या बारीक भोकातला स्क्रू फिरवून तो ३००० वर आणायचा. दहा मिनिटांत आला. मामांनी त्या जागी मार्कर पेननं खूण केली. मशीन तयार. भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत खाऊन आम्ही परत टेबलाशी.

माई – जातं – ९३

माईंची कॅसेट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, सुती कापडात होती. साठ मिनिटांची. लेबलवर निळ्या बॉलपेननं 'माई – जातं – ९३'.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, प्रत्येक बाजूला एक टिकली. मामांनी १९९३ सालीच दोन्ही मोडल्या होत्या. आता पाहिलं तर एका खाचेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी. खाच अशी बंद केली की रेकॉर्डिंगचं बटण पुन्हा चालतं. मामांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत.

कॅसेट उघडावी लागली, कारण टेपला हेडवर दाबून धरणारी आतली नमद्याची टिकली गोंद सुटून पडली होती. दुसऱ्या एका कॅसेटची डबी स्क्रूची होती. माईंची टेप दोन्ही चकत्यांसकट अलगद उचलून त्या डबीत बसवली. मग जुन्या पद्धतीनं पेन्सिल घालून थोडी फिरवली आणि डेकवर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेले टेपचे थर असे मोकळे होतात. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ए बाजू लावली.

हिंदी सिनेमाचं गाणं. रेडिओवरून घेतलेलं. गाणं संपलं आणि एक लहान मुलगा निवेदकाच्या थाटात म्हणाला की आता यानंतरचं गाणं. रूममेट लालबुंद. २००२ सालची उन्हाळ्याची सुट्टी, तो नऊ वर्षांचा, आजोळी आलेला. त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं. आम्ही अर्धा तास ती बाजू शेवटपर्यंत ऐकली, कुठेतरी खालचं जुनं शिल्लक असेल म्हणून. नव्हतं. मामा एवढंच म्हणाले, 'असू दे. तू तरी हायेस ह्याच्यावर.'

बी बाजू. आधी खरखर, मग दगडाची घरघर. जातं. आणि मग आवाज आला तो शाळकरी मुलीसारखा बारीक आणि घाईघाईचा. 'ही आजी?' रूममेटनं विचारलं. मी टेस्ट कॅसेट परत लावून पाहिली. ३०००, नेमकं. मशीन बरोबर होतं. मग आम्ही ती बाजू तशीच पूर्ण चालू दिली, कारण पहिली कॉपी काहीही छेडछाड न करता घ्यायची असते. मामा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, 'मशीन बरोबर हाय. पण माई अशी गात नव्हती.'

मग त्यांनी ती रात्र सांगितली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. धक्का इथेही जाणवला. त्यानंतर कितीतरी दिवस माणसं घरात झोपायला तयार नव्हती, अंगणात अंथरुणं. त्यातच एका आठवड्यात गावाची लाइट गेली, पिठाची गिरणी बंद. माईंनी अडगळीतलं जातं अंगणात काढलं. पहाटे उघड्यावर दळायला बसल्या आणि ओव्या सुरू झाल्या. जातं सुटल्यापासून त्यांनी त्या म्हटल्या नव्हत्या. मामा उठले, दुकानातला टेप आणला. लाइट नाही म्हणून सेलवर. सेल जुने.

इथे कोडं सुटलं. सेल उतरले की मोटर मंदावते. थोड्या फरकापर्यंत मोटरमधला गव्हर्नर वेग सांभाळून घेतो, पण सेल फारच उतरले तर त्याचाही इलाज चालत नाही. रेकॉर्डिंग करताना टेप हळू चालली होती. तीच टेप आज बरोबर वेगात लावली की आवाज बारीक आणि पळता येणार. आमचा डेक अचूक होता, म्हणूनच माई चुकीच्या ऐकू येत होत्या.

कॅसेट रिवाइंड केली. मामांनी डेकचं झाकण उघडं ठेवलं, बारीक स्क्रू ड्रायव्हर मोटरच्या पाठीला लावला. 'लावा.' माई सुरू झाल्या. मामांनी केसभर फिरवलं. आवाज खाली आला. अजून केसभर. एक बाई ऐकू येऊ लागली. जरा जास्त झालं, आवाज घोगरा झाला, मामा मागे आले. मग थांबले. 'हां. ही माई.'

आतून मामी बाहेर आल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला, सासूबाई खोलीत आल्यासारखा.

दहा मिनिटांनी आवाज पुन्हा चढायला लागला. सेल अजून उतरत गेले असणार. मामांनी पुन्हा स्क्रू फिरवला. ती बाजू संपेपर्यंत चार वेळा. मी लॅपटॉपवर आलेख बघत होतो, त्यात काहीच कळत नव्हतं. एका ओवीत माईंनी धरणीमायला विनवलं. एकीत लेकीचं नाव आलं, म्हणजे रूममेटच्या आईचं. आणि पुढच्या ओवीत तिच्या तान्ह्या मुलाचं नाव. तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. आमचा हिरो उठला आणि गाडी लॉक केलीय का ते बघायला बाहेर गेला. पंधरा मिनिटं बघत होता.

मला त्या दिवशी एक गोष्ट नीट कळली. डेक दुरुस्त करणं अवघड नाही. बेल्ट ऑनलाइन मिळतात, अल्कोहोल मिळतं, वेग मोजायला ॲप आहे. मशीन पाच वर्षांनी दुरुस्त केलं तरी चालेल. पण माईंचा खरा आवाज कोणता, हे सांगणारं ॲप नाही. ते सांगू शकतील अशी माणसं आज त्या घरात तीन आहेत. मामा, मामी आणि रूममेटची आई. तिघंही साठीच्या आसपासची. माझा मित्र सहा वर्षांचा होता, त्याला आजीचे हात आठवतात, आवाज नाही. आम्ही ही ट्रिप दहा वर्षं पुढे ढकलली असती तर आमच्याकडे उत्तम मशीन असतं, उत्तम फाइल असती आणि तिच्यात एक अनोळखी, घाईघाईनं गाणारी बाई असती.

ओव्यांचा खजिना

जात्यावरच्या ओव्या हा आपल्याकडचा केवढा मोठा साठा आहे, याची कल्पना हवी असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांचं काम बघा. ऐंशीच्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात त्यातल्या बऱ्याच प्रत्यक्ष बायकांच्या आवाजात रेकॉर्ड झाल्या. २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या वेबसाइटवर त्या टप्प्याटप्प्यानं येत गेल्या. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी १९९६ साली गायलेल्या डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्याही त्यात आहेत. नक्की ऐका. पण कुठलाही प्रकल्प प्रत्येक घरात पोचत नाही. नांदूरघाटच्या त्या अंगणात तेव्हा एकच माणूस टेप घेऊन बसला होता.

म्हणून हा फंडा लक्षात ठेवा. छापील लेबलच्या कॅसेटींची फार काळजी नको. माळ्यावरचा खोका काढा आणि बॉलपेननं लिहिलेल्या शोधा. बारसं, साखरपुडा, बाबांच्या ऑफिसातलं निरोपाचं भाषण, आजोबांचं भजनी मंडळ. त्या जगात एकेकच आहेत.

कॅसेट सापडली तर...

* वरच्या टिकल्या शाबूत असतील तर आधी त्या मोडा. मग बाकीचं.
* बुरशीचे पांढरे डाग दिसले तर मशीनमध्ये घालू नका. ती बुरशी हेडवरून दुसऱ्या कॅसेटींना लागते. जाणकाराला दाखवा.
* जुना डेक घेताना मागे व्होल्टेज बघा. जपानच्या बाजारपेठेसाठी बनलेले १०० व्होल्टचे डेक आपल्याकडे ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचे नाहीत.
* मोटर फिरते पण कॅसेट हलत नाही, असा डेक स्वस्तात मिळतो. बऱ्याचदा दोष बेल्टचाच असतो.
* घरगुती टेपरेकॉर्डरवर केलेली कॅसेट वाजवताना डेकवरचं डॉल्बीचं बटण बंद ठेवा, नाहीतर आवाज कोंदट येतो.
* लाइन आउटमधून यूएसबी साउंड कार्ड, तिथून लॅपटॉप. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल ठेवा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण एक जीबी लागते. खरखर काढायची ती दुसऱ्या कॉपीत.
* वेगाची शंका आली तर तो आवाज ओळखणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. आणि त्याच बैठकीत विचारून घ्या, कोण बोलतंय, कुठे, कधी.

जायचंय?

पुण्याहून बीडकडचं अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास धरा. आम्ही गेलो त्या जामखेड-पाटोदा-मांजरसुंबा रस्त्यानं गाडी असेल तर सकाळी निघून जेवायला पोचता येतं. वाटेत जामखेड तालुक्यात अहिल्यादेवींचं जन्मगाव चोंडी आहे, तसंच १७९५ साली मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली ते खर्डाही. मांजरसुंब्याजवळ मन्मथस्वामींचं कपिलधार आहे, पावसाळ्यात गेलात तर तिथला धबधबा बघाच. रेल्वेची हौस असेल तर अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली. बीड शहरानं कित्येक वर्षं वाट बघितलेली ही रेल्वे. पुढचा प्रवास एसटीनं. केजला किंवा मांजरसुंब्याला उतरून नांदूरघाटची गाडी विचारा.

सीताफळं हवी असतील तर सप्टेंबर ते नोव्हेंबर, हुरडा हवा असेल तर जानेवारी. गावात हॉटेल शोधत बसू नका, मुक्कामाला बीड किंवा अंबाजोगाई बरं. आणि ओळखीच्या घरी जाणार असाल तर जेवणाचा आग्रह मोडायचा प्रयत्न करू नका. आम्ही केला. परत निघताना डेकशेजारी हुरड्याची एक पिशवी, दोन किलो ज्वारी आणि शेंगदाण्याची चटणी बसली होती. डेक मामांकडेच राहू दे म्हटलं, तर मामा म्हणाले, 'न्या, न्या. आणि पावणं, तुमच्या घरच्या कॅसेटी कुठायत?'